तीस हजार माणसं आणि एक विशेषण

२०२५ च्या जुलै महिन्यात एनसीईआरटीचं आठवीचं सामाजिक शास्त्राचं नवं पुस्तक आलं आणि अकबर बादशहा पुन्हा एकदा आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला. त्याची राजवट म्हणजे क्रौर्य आणि सहिष्णुता यांचं मिश्रण, असं या पुस्तकात म्हटलंय. चितोडच्या कत्तलीचा उल्लेखही आहे. त्या आठवड्यात एका वाहिनीवर झालेली चर्चा मी शेवटपर्यंत पाहिली, हा माझाच दोष. एका पाहुण्याने ‘आता कुठे खरा इतिहास बाहेर येतोय’ हे वाक्य चार वेळा म्हटलं. दुसऱ्याने बिरबल, तानसेन, दीन-ए-इलाही अशी नावं जपमाळ ओढावी तशी ओढली. चितोड कोणत्या साली पडलं, किल्ल्यात कोण होतं, मेलं कोण, यातलं काहीही दोघांच्या तोंडून आलं नाही. शेवटी निवेदकाने ‘अकबर महान की क्रूर, एका शब्दात सांगा’ असं फर्मावलं, दोघांनी एकेक शब्द सांगितला आणि जाहिराती लागल्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चितोड पाठ्यपुस्तकात यायलाच हवं होतं, फार पूर्वीच यायला हवं होतं. पण ‘महान’ खोडून तिथे ‘क्रूर’ लिहायचं एवढाच जर त्यामागचा हेतू असेल, तर आपण काहीच शिकलो नाही. दोन्ही विशेषणांचं काम एकच, पुढचं बोलणं बंद पाडणं. ‘महान’ म्हटलं की चितोड अपवाद ठरतं; ‘क्रूर’ म्हटलं की त्यानंतरची सदतीस वर्षं ढोंग ठरतात. आणि मेलेली माणसं दोन्हीकडे सारखीच बिनचेहऱ्याची राहतात. मला विचाराल तर राजाच्या नावामागची विशेषणं काढून टाका आणि क्रियापदं तेवढी ठेवा. काय केलं, कोणाला केलं, कशासाठी केलं, आणि त्याचं त्याने स्वतः काय कारण सांगितलं.

तर क्रियापदं. ऑक्टोबर १५६७ मध्ये अकबराने चितोडला वेढा घातला. तेव्हा त्याचं वय पंचवीस. मेवाडचा राणा उदयसिंह किल्ला जयमल राठोड आणि पत्ता सिसोदिया यांच्यावर सोपवून आधीच डोंगरांत निघून गेला होता. डिसेंबरात मुघलांनी तटाखाली दोन सुरुंग पेरले. पहिला उडताच फौज खिंडाराकडे धावली, आणि दुसरा तिच्या पायाखाली उशिरा फुटला; दोनेकशे मुघल शिपाई तिथेच गेले. मग साबात बांधायला घेतले. साबात म्हणजे गोळ्यांपासून आडोसा देत तटापर्यंत नेणारा, वरून झाकलेला रुंद रस्ता. ते बांधणारे मजूर किल्ल्यावरच्या बंदुकांना रोज शे-दोनशेच्या हिशेबाने बळी पडत होते आणि त्यांची जागा घ्यायला पैशाच्या लोभाने नवे येत होते. किल्ल्याच्या दक्षिण टोकाशी एक टेकाड आहे, त्याला मोहर मगरी म्हणतात. मातीच्या टोपलीमागे एक मोहोर देऊन बादशहाने ते रचून घेतलं, असं गाइड सांगतात. मोहोर खरी असेल-नसेल, टोपली वाहणारा मात्र खरा होता.

फेब्रुवारी १५६८ च्या त्या रात्री तटावर डागडुजी करवून घेणारा, चिलखत घातलेला एक सरदार अकबराला दिसला. त्याने आपली ‘संग्राम’ नावाची बंदूक रोखून गोळी झाडली. तासाभरात किल्ल्यात तीन-चार ठिकाणी आगी दिसू लागल्या. हे काय चाललंय ते बादशहाला त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आमेरच्या भगवंतदासाने सांगितलं: हा जौहर आहे. सकाळी हत्ती आत शिरले. त्यानंतर जे झालं त्यासाठी अकबराच्या शत्रूची साक्ष काढायची गरज नाही. त्याचा सर्वांत मोठा भक्त अबुल फजल लिहितो की किल्ल्यात आठ हजार लढवय्ये राजपूत होते आणि चाळीस हजारांवर शेतकरी; आणि एकूण सुमारे तीस हजार माणसं मारली गेली.

लढवय्ये आठ हजार आणि मेलेले तीस हजार. ही वजाबाकी करायला आठवीचं गणितही लागत नाही. मेलेल्यांतले बहुतेक शेतकरी होते. ते किल्ल्यात का होते? मोठी फौज येणार म्हटल्यावर मेवाडकरांनी भोवतालचा मुलूख आधीच उजाड करून टाकला होता, शत्रूच्या घोड्याला काडी मिळू नये म्हणून. शत्रूच्या घोड्याला काडी मिळत नाही तिथे गावातल्या बैलालाही मिळत नाही. तेव्हा माणसं तटाच्या आत गेली. आज चितोडगड चढताना भैरव पोळीजवळ जयमल आणि कल्ला राठोड यांच्या छत्र्या लागतात, वर राम पोळीशी पत्त्याचं स्मारक आहे, समिद्धेश्वराच्या देवळाजवळ जौहराची जागा दाखवतात. मी गडावर गेलो तेव्हा आमच्या गाइडने हे सगळं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. शेतकऱ्यांची जागा कुठली, असं विचारल्यावर तो घोटाळला. ‘साहेब, ते तर सगळीकडेच असतील ना,’ म्हणाला.

आता अकबराच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका, तेव्हा सगळेच असं करत. यात तथ्य आहे, आणि ते ‘पळवाट’ म्हणून उडवून लावणारे स्वतःच्या लाडक्या राजांबद्दल बोलताना हाच मुद्दा काढतात. म्हणून ठीक आहे, आजची फूटपट्टी बाजूला ठेवू, त्याच काळाची घेऊ. १५६२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, याच अकबराने फर्मान काढलं होतं की विजयी फौजेने हरलेल्यांच्या बायकामुलांना गुलाम करू नये. लढणारा आणि न लढणारा यांतला फरक त्याला कळत होता, नुसता कळत नव्हता तर त्याने तो कायद्यात घातला होता. अबुल फजलालाही कळत होता. म्हणून तर तो कारण देत बसतो: अल्लाउद्दीन खिलजीने १३०३ मध्ये किल्ला घेतला तेव्हा शेतकरी लढले नव्हते म्हणून वाचले, या वेळी ते लढले म्हणून मेले. ‘सगळेच करत’ असं असतं तर ही सफाई द्यायची गरज काय होती? आणि सफाई तरी टिकते का? अल्लाउद्दीनच्या मोहिमेसोबत अमीर खुस्रो होता. त्याने लिहून ठेवलंय की किल्ला पडल्यावर सुलतानाने तीस हजार हिंदू कापून काढले. म्हणजे अबुल फजल ज्या जुन्या दयेचा दाखला देतोय, ती दया खुद्द सुलतानाच्या कवीला दिसली नव्हती.

दोन्ही वेळा आकडा तीस हजारच, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. दरबारी इतिहासकारांना गोल आकड्यांचा मोह असतो आणि विजयाच्या कवनात मेलेल्यांची संख्या वाढते, घटत नाही. अबुल फजल तर दरबारात आला १५७४ मध्ये, वेढ्यानंतर सहा वर्षांनी. तेव्हा आकडा वीस हजार असेल किंवा पंचवीस, मी त्यावर पैज लावणार नाही. पण बादशहाचा माणूस बादशहाच्या गौरवग्रंथात हा आकडा न लाजता लिहितो, यातच सारं आलं.

आकड्यांचाच विषय निघालाय तर ते जानव्यांचं प्रकरणही उरकून टाकू. चितोडच्या मेलेल्यांची जानवी तोलली तर साडेचौऱ्याहत्तर मण भरली, हा मजकूर दर वर्षी एकदा तरी माझ्या मोबाइलवर येतो. ही दंतकथा राजपुतान्याचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने राजस्थानात ऐकून लिहिली. पुढे पाठवणारे चाळीस शेरांचा मण धरतात. तसं धरलं तर तीस हजारांत एकेका जानव्याचं वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास जातं. घरातलं जानवं काट्यावर ठेवून बघा. टॉडला ही अडचण दिसली होती. हा मण चार शेरांचा, असं त्याने तळटीपेत सांगून ठेवलंय. पण तळटीप कोण पुढे पाठवतं? शिवाय ज्यांच्या गळ्यात जानवं नव्हतं अशा मेलेल्यांचं या तराजूत वजन शून्य, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा आहे, कारण तो माझे मित्र घेतात. ते म्हणतात, सगळं खरं, पण आत्ता कशाला? हवा बघताय ना? साडेचारशे वर्षांपूर्वीच्या चितोडचा सूड आजच्या कुठल्या तरी गल्लीतल्या बेकरीवाल्यावर निघतो. ही भीती खोटी नाही. पण गेली कित्येक वर्षं आपण हाच हिशेब करून शाळेत अर्धा अकबर शिकवला. त्यातून काय साधलं? मुलगा शाळेत नवरत्नं पाठ करतो आणि विसाव्या वर्षी फोनवर चितोड वाचतो. त्याला पहिल्यांदा राग येतो तो अकबराचा नव्हे, मास्तरांचा. मला हे लपवून ठेवलं, मग आणखी काय काय लपवलं असेल? या एका प्रश्नावर पुढची सगळी जानवी विकली जातात. लपवलेली खरी गोष्ट ही शंभर खोट्या गोष्टींना तारण राहते. आणि आपण महाराष्ट्रात २०१७ मध्ये वेगळाच तोडगा काढला. राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकातून मुघलच जवळजवळ उरकून टाकले. म्हणजे ना चितोड, ना अकबराने धर्मचर्चेसाठी उभारलेला इबादतखाना. शिवाजी महाराज लढले कोणाशी हे मुलांनी अंदाजाने ओळखायचं.

आता पलीकडची बाजू. चितोड हाच खरा अकबर, बाकीचं सोंग, असं म्हणणाऱ्यांकडे एक पुरावा फार मोठा आहे आणि तो पुरोगाम्यांनी गिळून टाकण्याची सवय सोडली पाहिजे. चितोड पडल्यावर अकबर पायी अजमेरला निघाला आणि तिथून ९ मार्च १५६८ रोजी फतहनामा, म्हणजे विजयाचं जाहीर पत्र, निघाला. त्याची भाषा जिहादची आहे. काफिरांचे किल्ले घेतले, तिथे इस्लामची स्थापना केली, असा सगळा सूर. ‘ते केवळ राजकारण होतं, धर्माचा संबंध नाही’ हे वाक्य त्या कागदापुढे उभं राहू शकत नाही. फौजेतलं वातावरणही आपल्याला माहीत आहे. हळदीघाटीत, १५७६ मध्ये, अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी स्वतः लढत होता. आपले राजपूत कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखू येईना, तेव्हा त्याने आसफखान या मुघल सरदाराला विचारलं. उत्तर मिळालं: बाण मारत राहा, कुठल्याही बाजूचा पडला तरी इस्लामचा फायदाच. आणि त्या दिवशी मुघल फौजेचा सेनापती होता आमेरचा राजपूत मानसिंह.

हे सगळं मान्य करूनही ‘सोंग’ हा शब्द बसत नाही. चितोडच्या साबातांवर देखरेख करणाऱ्यांत तोडरमल होता. किल्ल्यातून मुघलांना टिपणाऱ्यांत काल्पीचे मुसलमान बंदूकची होते. १५७३ मध्ये अकबर सांडणीवरून नऊ-दहा दिवसांत गुजरात गाठतो आणि अहमदाबादेत बंडखोरांच्या मुंडक्यांचा मनोरा रचतो. ती मुंडकी मिर्झांच्या पक्षाची होती, त्याच्याच रक्ताच्या नातलगांची. आणि सोंगाला कोणी एवढी किंमत मोजत नाही. १५८० मध्ये बंगाल-बिहारचे सरदार उठले, जौनपूरच्या काझीने बादशहाविरुद्ध बंड करणं धर्म्य ठरवलं, अकबराच्या काबूलच्या सावत्रभावाच्या नावाचा खुतबा, म्हणजे राज्यकर्त्याच्या नावाने होणारं मशिदीतलं प्रवचन, वाचला गेला. तख्त डळमळलं ते काही अंशी अकबराच्या सहिष्णुतेच्या धोरणापायीच. सोंग असतं तर त्या वेळी उतरवलं नसतं का?

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती दोन्ही बाजूंना नको असते. तारखा ओळीने मांडून बघा. यात्रेकरूंवरचा कर १५६३ मध्ये माफ. जिझिया, म्हणजे मुसलमानेतरांवरचा कर, १५६४ मध्ये रद्द. चितोड १५६८. इबादतखाना १५७५. आधी क्रूर, मग पश्चात्ताप, मग संत, अशी गोष्ट या क्रमात बसतच नाही. जिझिया उठवणाऱ्या हातानेच चितोड झालं. आणि चितोडनंतर काय झालं? पुढच्या वर्षी मार्चमध्ये रणथंभोरच्या सुर्जन हाडाने किल्ला देऊन टाकला, ऑगस्टमध्ये कालिंजर आलं. दोन्हीकडे कत्तल झाली नाही. करायची गरजच उरली नव्हती. राजपुतान्यातल्या दरबारांपुढे त्याने दोन वाटा ठेवल्या होत्या: आमेरची, मनसब (दरबारी हुद्दा) आणि मानाची, आणि चितोडची. एक वाट इतकी प्रशस्त वाटली ती दुसरी डोळ्यांपुढे असल्यामुळे. सुलह-ए-कुल, म्हणजे सर्वांशी सलोखा, ही फार मोठी कल्पना होती असं मी आजही मानतो. पण तिच्या पायातल्या चिऱ्यांमध्ये चितोड आहे, आणि इमारत सुंदर आहे म्हणून पाया मोजायचा नाही, हा कुठला न्याय?

अशोकाच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. तेराव्या शिलालेखात तो स्वतः आकडे देतो: एक लाख मारले, दीड लाख हलवले. जगाच्या इतिहासात कुठल्या जेत्याने असं लिहिलं असेल तर मला दाखवा. पण तो लेख कलिंगात, धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांना मारलं त्यांना ही दिलगिरी वाचायला मिळाली नाही. आणि त्याच लेखात अरण्यातल्या लोकांना दमही भरलाय, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याचं बळ गेलेलं नाही. पश्चात्ताप खरा, धमकीही खरी. आपल्या मनातल्या अशोकाच्या चित्रात ही धमकी मात्र कुठेच नसते.

युरोपातला फ्रँकांचा राजा शार्लमेन याहून बोलका आहे. ७८२ मध्ये व्हेर्डन इथे त्याने एका दिवसात ४,५०० सॅक्सन बंदिवानांची डोकी उडवली. हाही आकडा शत्रूचा नाही, फ्रँक दरबाराच्या बखरीतलाच. पुढे तो पोपच्या हातून सम्राट झाला, विद्येचा आश्रयदाता म्हणून गाजला. बाराशे वर्षं व्हेर्डन बखरीत पडून होतं. मग १९३५ मध्ये नाझींना ते आठवलं. त्यांनी तिथे ४,५०० दगड उभे केले, कारण त्यांना ‘जर्मन रक्ता’चा छळ करणारा ख्रिस्ती राजा हवा होता. काही वर्षांत त्यांनाच साम्राज्याची स्वप्नं पडू लागली, तेव्हा तोच शार्लमेन एकदम पूर्वज झाला. युद्धानंतर आखेन शहराने १९५० पासून युरोपच्या एकीसाठी त्याच्या नावाचं पारितोषिक सुरू केलं, ते आजही देतात. माणूस एक, कत्तल तीच. फलक तीनदा बदलला. तिन्ही वेळा त्या ४,५०० जणांबद्दल बोलणं कोणाला हवं होतं?

आपल्याकडे या वादात शिवाजी महाराजांचं नाव दोन्हीकडून घेतलं जातं, म्हणून एक आठवण करून देतो. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला, तेव्हाचं महाराजांच्या नावाचं एक फारसी पत्र प्रसिद्ध आहे. त्यात औरंगजेबाला त्याच्याच पणजोबाचा दाखला दिलाय: अकबराने ख्रिस्ती, ज्यू, दादूपंथी सगळ्यांशी सुलह-ए-कुल राखला म्हणून लोकांनी त्याला जगद्गुरू म्हटलं. चितोडचं नावही त्या पत्रात नाही. मुत्सद्दी माणसाने वाद जिंकायला जेवढा अकबर लागतो तेवढाच घेतला, हे शहाणपणच. पण मुत्सद्द्याला जे शोभतं ते पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला शोभेलच असं नाही.

आणि फूटपट्टी हातात घेतलीच आहे तर ती घरीही लावू. १७४२ पासून दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. तिथल्या त्या काळच्या काव्यात गावं जाळल्याची, बायकांवरच्या अत्याचारांची वर्णनं आहेत; लिहिणारे हिंदू, भोगणारेही बहुतेक हिंदूच. बंगाली आया आजही बर्गी, म्हणजे मराठा स्वार, येईल म्हणून पोरांना झोपवतात. कोलकात्यात एका वयस्कर बाईंना मी महाराष्ट्राचा आहे म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, ‘म्हणजे बर्गी!’ मीही हसलो. तो बंगाली शेतकरी आपल्या पुस्तकात नाही, जसा मेवाडचा शेतकरी अकबराच्या पुस्तकात नव्हता.

आठवीच्या मुलांना चितोड शिकवायचं तर मी आकडा फळ्यावर सर्वांत शेवटी लिहीन. आधी काल्पीच्या त्या बंदूकच्यांबद्दल सांगीन. हजारेक होते ते, आणि त्यांनी इतके मुघल टिपले होते की अकबर त्यांच्यावर खास डूख धरून होता. किल्ला पडल्यावर त्यांनी आपल्याच बायकांना आणि मुलांना कैद्यांसारखं बांधलं, पुढे घातलं आणि मुघल शिपाई असल्यासारखे बाहेर चालू लागले. बायकामुलांना गुलाम करू नये, या बादशाही फर्मानाला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. बांधलेल्या बायकापोरांना हाकत नेणारे एवढे बंदूकवाले दरवाजातून गेले, आणि त्यांना कोणीही हटकलं नाही.